मफलर पडला!

लीड्स, १८ जानेवारी

ती. बाबांस साष्टांग नमस्कार.

पार्सल पोचलं. चकल्यांचा चुरा झाला होता, तो चमच्याने खाल्ला. मफलर मात्र अगदी वेळेवर आला. आणि मफलरवरूनच परवा इथे असा घोळ झाला, की तो तुम्हाला कळवल्याशिवाय चैन पडेना.

माझ्या शेजारी ओहायोचा एक मुलगा बसतो. नुकतीच जुनी गाडी घेतलीय. परवा सकाळी तोंड पाडून म्हणतो, "येताना माझा मफलर रस्त्यात पडला." मी म्हटलं, एवढं काय, दुसरा घे! तर म्हणे, "फार महाग असतो, आणि वेल्डिंगही करावं लागेल." तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. तो सायलेन्सरबद्दल बोलत होता! अमेरिकेत त्याला मफलर म्हणतात. सायलेन्सर म्हटलं की त्यांना पिस्तूल आठवतं.

दुभाषा म्हणून मी गॅरेजला गेलो. मेकॅनिक पक्का यॉर्कशायरचा. तो बॉनेट म्हणाला की आमचा गडी हूड शोधायचा. मला मात्र आपल्या गॅरेजात बसल्यासारखं वाटत होतं. तुमची सगळी इंग्रजी इथूनच तर आली. शेवटी त्याने निकाल दिला, "सायलेन्सर नॅकर्ड आहे." म्हणजे कामातून गेला. म्हाताऱ्या घोड्यांना विकत घेऊन कापणाऱ्याला नॅकर म्हणत, त्यावरून.

मग मी शहाणपणा केला. म्हटलं, जरा डिकी उघडून स्टेपनीही बघा. तो म्हणाला, "डिकी? काय डिकी आहे?" इथे आता डिकी म्हणजे बिघडलेलं, नाजूक. गाडीच्या मागच्या भागाला ते बूट म्हणतात. जुन्या गाड्यांना मागे उघडणारी जादा सीट असायची, ती डिकी सीट. आपण ते नाव धरून ठेवलं, ते विसरले. स्टेपनी तर त्याने ऐकलीच नव्हती! आणि ती निघाली कुठून, तर वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून. तेव्हा गाड्यांबरोबर जादा चाक मिळत नसे. पंक्चर चाकावर अडकवायचं चाक १९०४ मध्ये तिथे तयार झालं. बाबा, त्यांचा शब्द तुम्ही कऱ्हाडात सांभाळताय.

गाडी न्यायला 'हाफ फाइव्ह'ला बोलावलं होतं. हा पठ्ठ्या पाचाला अर्धा तास कमी धरून साडेचारलाच जाऊन थंडीत कुडकुडला. हाफ फाइव्ह म्हणजे सरळ साडेपाच, आपल्यासारखंच. फोर्टनाइटही त्याला कळत नाही, दोन आठवडे म्हणावं लागतं. आपल्याला पंधरवडा कुणी समजावून सांगावा लागतो का?

पण एका ठिकाणी मीही फसलो. साहेबांनी आम्हा दोघांच्या कामाला 'क्वाइट गुड' म्हटलं. अमेरिकेत क्वाइट म्हणजे खूप, म्हणून त्याने पार्टी दिली, आणि मीही पोटभर खाल्लं. नंतर कळलं, इथे त्याचा अर्थ आजीच्या "बरी झालीय आमटी" एवढाच. म्हणजे पुन्हा करा.

ते ऐकून ऑफिसातल्या एका वयस्कर गृहस्थांनी कोरियाच्या युद्धातली गोष्ट सांगितली. एप्रिल १९५१, इमजिन नदीचा काठ. ग्लॉस्टर या ब्रिटिश पलटणीला चिनी फौजेने एका टेकडीवर वेढलं होतं. परिस्थिती कशी आहे, असं अमेरिकन जनरलने विचारलं. ब्रिटिश ब्रिगेडियर म्हणाला, 'अ बिट स्टिकी', म्हणजे जरा अवघड आहे. अमेरिकनाला वाटलं, निभावतंय. ब्रिटिशाला म्हणायचं होतं, संपलो. त्या टेकडीवरचे थोडेच परतले, बाकीचे मारले गेले किंवा कैद झाले. आमचा ओहायोचा मुलगा बराच वेळ गप्प होता.

गुडघा कसा आहे? 'बरा आहे' लिहू नका, नीट लिहा. आईला सांगा, मफलर रोज घालतो. गळ्यात.

तुमचा,
बंड्या