वायटोमोसाठी खिसा रिकामा करायची गरज नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला न्यूझीलंडच्या सहलीवरचा लेख वाचला. वायटोमोच्या गुहांचं वर्णन झकास आहे, पण ही सहल सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची आहे, हे काही पटलं नाही. मी एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झालो. कुठल्या पैशाला काय मिळतं हे बघायची खोड अजून गेलेली नाही. मुलगी-जावई हॅमिल्टनला असतात, तिथून वायटोमो साधारण ७५ किलोमीटर. यंदा मे महिन्यात आम्ही नवरा-बायको तिकडे होतो, तेव्हा जाऊन आलो. आमच्यासारखे कितीतरी आईबाप उन्हाळा टाळून मुलांकडे जातात, त्यांच्यासाठी हे पत्र.

मुख्य गुहेचं तिकीट महाग आहे, हे खरं. माणशी तीन हजार रुपयांच्या वर जातं आणि फेरी जेमतेम पाऊण तासाची. हिने खिडकीपाशीच डॉलरचे रुपये करून माझ्याकडे पाहिलं. तरी माझं मत विचाराल तर हे तिकीट एकदा काढावं. शेवटी अंधारात बोटीत बसवतात. वल्हं नाही, इंजिन नाही. गाइड डोक्यावरचा दोर हाताने ओढत बोट पुढे सरकवतो आणि वर छतभर चमकणाऱ्या अळ्यांचे निळसर-हिरवे ठिपके. फोटोला मनाई आहे, त्यामुळे सगळे निमूट वर बघतात. शिवाय हा पैसा जातो कुठे तेही बघा. १८८७ साली इथल्या माओरी जमातीचे प्रमुख ताने तिनोराऊ आणि इंग्रज सर्वेक्षक फ्रेड मेस मेणबत्त्या घेऊन तराफ्यावरून या गुहेत शिरले. दोन वर्षांत तिनोराऊ लोकांना गुहा दाखवू लागले. १९०६ मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली आणि १९८९ मध्ये मूळ मालकांच्या वंशजांना परत केली. आज तिथे काम करणाऱ्यांत त्या घराण्यातली माणसं आहेत, उत्पन्नातही त्यांचा वाटा आहे. म्हणून मला ते तिकीट टोचलं नाही.

पैसे वाचतात ते पुढे. दोन-तीन गुहांचं एकत्र तिकीट स्वस्त पडतं म्हणून गळ्यात मारून घेऊ नका. अरानुई गुहेत चुनखडीचे झुंबरासारखे आकार सुरेख आहेत, पण चमकणाऱ्या अळ्या नाहीत. रबरी ट्यूबमध्ये बसून भूमिगत ओढ्यातून जायचा प्रकार तरुणांसाठी ठीक, आमच्या गुडघ्यांना आणि खिशाला दोन्हीला न झेपणारा.

आणि मग फुकटचं. गावापासून गाडीने पाच मिनिटांवर रुआकुरीचं राखीव रान आहे. ओढ्याकाठाने फळ्यांची वाट, पूल, खडकातला एक बोगदा, नेचांची दाटी. सगळी फेरी पाऊण तासात होते. दिवसा सहलीच्या बसमधून माणसं उतरतात, मुख्य गुहा बघतात आणि उजेडातच ऑकलंडकडे वळतात. अंधार पडल्यावर या वाटेवर आमच्याशिवाय एक जर्मन जोडपं होतं, बस्स. टॉर्च बंद केला. आधी काहीच दिसेना. डोळे सरावले तशी बाजूची ओली दरड दिवे लागल्यासारखी उजळत गेली. आपल्या भंडारदऱ्याच्या काजव्यांसारखी उघडझाप नाही, उजेड स्थिर. काजवा हा भुंगेऱ्यांच्या जातीचा, ही एका चिलटासारख्या माशीची अळी.

जावयाने टॉर्चवर लाल जिलेटिन बांधलं होतं. त्या उजेडात वीतभरावरून पाहिलं तर अळीखाली रेशमासारखे बारीक धागे लोंबत होते आणि प्रत्येक धाग्यावर ओळीने चिकट थेंब. उजेडाला भुलून चिलटं येतात नि चिकटतात, अळी धागा वर ओढून त्यांना खाते. अळीचं आयुष्य काही महिन्यांचं; माशी झाली की तिला खायला तोंडच नसतं, अंडी घालून थोड्याच दिवसांत मरते. वाऱ्याने धागे गुंततात, म्हणून त्यांना दमट, निवाऱ्याची जागा लागते. बोट लावू नका, पांढरा झोत मारू नका, दिवा मंदावतो. जूनच्या तोंडावर आपल्याकडे काजवे बघायला जाणाऱ्या गाड्यांचे हेडलाइट आठवून मला तिथे उगाच लाज वाटली.

आणखी पश्चिमेला मारोकोपाच्या रस्त्यावर मांगापोहुए हा चुनखडीचा नैसर्गिक पूल आहे, १७ मीटर उंच. तिथेही रात्री अळ्या दिसतात, तिकीट नाही. मे-जूनमध्ये गेलात तर आणखी एक फायदा: तिकडे तेव्हा हिवाळा लागतो, सहाच्या आत मिट्ट काळोख. डिसेंबरात यासाठी रात्री साडेनऊ-दहापर्यंत जागावं लागतं आणि खोल्याही महाग. स्वेटर-कानटोपी मात्र हवीच.

मुक्काम सामाईक स्वयंपाकघर असलेल्या केबिनमध्ये केला. गावात दुकानं नावापुरती, म्हणून १६ किलोमीटरवरच्या ओटोरोहांगात तांदूळ-डाळ घेतली आणि खिचडी टाकली. घरून लोणचं-मसाले नेणार असाल तर विमानतळावरच्या जाहीरनाम्यात सगळं लिहा. लपवलं आणि सापडलं तर जागच्या जागी ४०० डॉलर दंड. त्यात आमच्या दोघांची गुहेची तिकिटं निघून वर पैसे उरले असते.

काटकसर करू नये अशी एकच जागा आहे. फुकट म्हणून विनागाइड कुठल्याही गुहेत शिरू नका, पावसात तर नाहीच. २०२३ च्या मे महिन्यात उत्तरेकडे व्हांगारेईजवळच्या ॲबी गुहांत पुराचं पाणी शिरून शाळेच्या सहलीतला एक मुलगा गेला. रुआकुरीलाही वाट सोडून ओढ्यात उतरू नये.

पुढच्या वेळी पुरवणीत गुहेच्या तिकिटाच्या दरासोबत एवढंही छापावं ही विनंती: रुआकुरीची वाट, तुमुतुमु रस्ता, वाहनतळ फुकट.

आपला,
एक निवृत्त एसटी वाहक, कराड