शाळेच्या ग्रंथालयात निर्वासितांची पुस्तके हवीत

माननीय शिक्षणमंत्री,
स. न. वि. वि.

शाळांच्या ग्रंथखरेदीच्या यादीत निर्वासितांनी स्वतः लिहिलेली आणि त्यांचे म्हणणे जवळून ऐकणाऱ्यांनी लिहिलेली पुस्तके असावीत, ही या पत्रातली मागणी आहे.

२०२४ अखेर जगात १२ कोटींहून अधिक माणसे युद्ध आणि छळामुळे घराला मुकलेली होती. त्यांतल्या निम्म्याहून अधिकांनी देशाची सीमा ओलांडलेलीच नाही. मुलांना मात्र बातम्यांतून दिसते ती बोटीतली गर्दी. त्या गर्दीतला एक माणूस त्यांना भेटायला हवा.

बेहरूझ बूचानी हा इराणमधला कुर्द पत्रकार. ऑस्ट्रेलियाकडे आश्रय मागायला निघाला आणि पापुआ न्यू गिनीतल्या मानुस बेटावर ऑस्ट्रेलियाने उभारलेल्या छावणीत वर्षानुवर्षे डांबला गेला. तिथून त्याने मोबाइलवर फारसीत मजकूर लिहून व्हॉट्सअॅपने बाहेर पाठवला, त्याचे पुस्तक झाले. २०१९ मध्ये त्याला ऑस्ट्रेलियातला व्हिक्टोरियन साहित्य पुरस्कार मिळाला, तेव्हाही तो बेटावरच होता. छावणीतली जेवणाची रांग माणसाला कशी झिजवते, हे त्याच्याइतके कुठलाही अहवाल सांगत नाही.

मेक्सिकन लेखिका वलेरिया लुइसेली यांनी न्यूयॉर्कच्या इमिग्रेशन कोर्टात, मध्य अमेरिकेतून एकट्या आलेल्या मुलांसाठी दुभाषाचे काम केले. मुलांना विचारल्या जाणाऱ्या ४० प्रश्नांभोवती त्यांचे छोटे पुस्तक उभे आहे. पहिलाच प्रश्न : तू अमेरिकेत का आलास? लहानग्याने याचे उत्तर द्यायचे, आणि त्या उत्तरांवर वकील मिळणार की नाही हे अवलंबून! सीमा नकाशावरच नसते, ती अशा टेबलापाशीही असते.

विषय मुलांना जड जाईल, असे आपल्याला सांगितले जाईल. शॉन टॅन यांची ‘द अरायव्हल’ (२००६) ही चित्रकथा पाहावी. तिच्यात शब्दच नाहीत. परक्या शहरातल्या पाट्या नवागताला वाचता येत नाहीत, तशा आपल्यालाही येत नाहीत.

किती लोकांना आश्रय द्यावा, यावर मतभेद राहणारच. सीमा कडक हव्यात असे मानणाऱ्या घरातल्या मुलानेही ही पुस्तके वाचावीत, असे मला मनापासून वाटते.

पुढच्या खरेदीआधी निवड समितीला तसे लेखी कळवावे आणि अशा पुस्तकांच्या मराठी अनुवादासाठी वेगळा निधी ठेवावा. मूळ भाषेतून थेट अनुवाद करणाऱ्यांना त्यात प्राधान्य असावे.

आपला,
एक वाचक