प्लॉटरवाल्यांनो, स्केल बघा की!

संपादक साहेब, नमस्कार. परवा विश्रामबागेत घराच्या नकाशाची ए-वन आकाराच्या कागदावर प्लॉटरवर (मोठे नकाशे छापायच्या यंत्रावर) प्रिंट काढली, दुकानातल्या पोरानं 'फिट टू पेज' (नकाशा कागदात मावेल असा लहान-मोठा करणं) दाबलं आणि १:१०० चं स्केल, म्हणजे कागदावर एक सेंटिमीटर तर जागेवर एक मीटर, पार गंडलं, पट्टी लावली तर दहा फुटाची खोली साडेनऊच भरतेय! अहो प्लॉटर काय जादू नाही, ३६ इंची रोल पुढं सरकतो, हेड आडवं पळत शाई मारतं, ८४१ बाय ११८९ मिलिमीटरचा ए-झिरो कागद पण आरामात बसतो. पूर्वीचा प्लॉटर तर खरंच पेन धरून रेघा ओढायचा, आणि अमोनियाच्या वाफेवर निळ्या प्रिंटा काढताना डोळे चुरचुरायचे ते वेगळंच. तर दुकानदारांनी प्रिंट देताना एकतरी माप पट्टीनं तपासून द्यावं, आमचा गवंडी कागदावरच पट्टी लावतो हो.

– एक वाचक, सांगली