जीपचे मूळ इंजिन भंगारात घालण्याआधी

महोदय,

आपल्या पुरवणीत जुन्या जीपगाड्यांवर लेख आला, याचा आनंद वाटला. पेट्रोल इंजिन थकले की डिझेल बसवावे, म्हणजे प्रश्न मिटतो, असा सल्ला मात्र त्यात ओझरता दिला आहे. तो पटला नाही. याच सल्ल्यापायी कितीतरी चांगली इंजिने किलोच्या भावाने गेली आहेत. इंजिन बदलणे हे कधी कधी योग्य असते. पण ते नुसते इंजिनाचे काम नसते, अख्ख्या गाडीचे असते. आणि मूळ इंजिन मोजमाप न घेता बाद ठरवणे तर अजिबात योग्य नाही.

आपल्याकडे ज्या उंच बॉनेटच्या जीप दिसतात, त्या विलीज सीजे-३बी. अमेरिकेत हे मॉडेल १९५३ साली आले आणि तिथले उत्पादन थांबल्यावरही महिंद्राने ते इथे चालू ठेवले. बॉनेट उंच होण्याचे कारण आतले इंजिन. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपच्या इंजिनात दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये होते. पुढच्या ‘हरिकेन’ एफ-१३४ इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये गेला, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच राहिला आणि हेडची उंची वाढली. बोअर (सिलिंडरचा व्यास) ३⅛ इंच, स्ट्रोक (पिस्टनची चाल) ४⅜ इंच, म्हणजे सुमारे २,२०० सीसी. लांब स्ट्रोकचे, सावकाश फिरणारे, जाड बिडाचे हे इंजिन दुरुस्तीसाठीच घडवले आहे असे वाटावे इतके सोपे आहे.

पहिली गोष्ट कॉम्प्रेशन टेस्टची, म्हणजे सिलिंडरांतला दाब मोजण्याची. इंजिन गरम करावे, चारही प्लग काढावेत, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून स्टार्टर मारावा. चार सिलिंडरांच्या दाबात (दर चौरस इंचाला) १० पौंडांपेक्षा जास्त फरक दिसला तर कमी असलेल्या सिलिंडरात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर रिंगा आणि बोअर गेले आहेत. वाढला नाही तर दोष व्हॉल्व्हचा किंवा गॅस्केटचा. धूर दिसतो म्हणून थेट बोअर करायला ब्लॉक पाठवणारे पुष्कळ आहेत, पण एफ-१३४ मध्ये चिकटलेला पीसीव्ही व्हॉल्व्हही (इंजिनाच्या पोटातली वाफ इनटेकमध्ये परत सोडणारा) तसाच निळा धूर काढतो. तो आधी साफ करून पाहावा.

इंजिन उघडावेच लागले तर ब्लॉकवर सगळ्यात जास्त वेळ द्यावा. वर्षानुवर्षे विहिरीचे आणि बोअरवेलचे पाणी घातल्याने वॉटर जॅकेटमध्ये गाळ आणि क्षार बसतात आणि ते मागच्या बाजूला, चौथ्या सिलिंडरभोवती जास्त साचतात. मग तापमानाचा काटा मध्यावर असतो, पण चौथा सिलिंडर भाजत असतो. बाजूचे कोअर प्लग (ब्लॉकची भोके बंद करणाऱ्या पत्र्याच्या टोप्या) ठोकून काढावेत, वाकवलेल्या तारेने गाळ खरवडावा, मगच ब्लॉक उकळायला द्यावा. कोअर प्लग न काढता केलेली धुलाई वरवरचीच असते. त्यानंतर एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट (बंद होताना व्हॉल्व्ह जिथे टेकतो ती कडा) आणि बोअर यांच्यामधली अरुंद भिंत डाय टेस्टने, म्हणजे तडा दाखवणाऱ्या रंगाने, पाहावी. एक्झॉस्ट ब्लॉकमध्येच असल्याने सगळी उष्णता तिथे एकवटते आणि तडा जातो तो तिथेच. डोळ्यांना तो केसाएवढा दिसतो किंवा दिसतही नाही. बोअर करून, नवे पिस्टन घेऊन झाल्यावर तो सापडला तर सगळा खर्च पाण्यात.

सीटबद्दल आणखी थोडे. देशात १ फेब्रुवारी २००० पासून शिशाचे पेट्रोल बंद झाले. ते शिसे सीटवर बारीक थर धरून ठेवी आणि व्हॉल्व्हची आपट सोसत असे. आता जुनी मऊ सीट हळूहळू आत बसत जाते, एक्झॉस्टचा टॅपेट घट्ट होतो, व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही आणि जळतो. म्हणून ब्लॉक मशीन शॉपमध्ये असतानाच चारही एक्झॉस्ट सीट कठीण धातूच्या बसवून घ्याव्यात आणि गाइडही तेव्हाच बदलावेत.

बोअर वर-खाली किंवा आडवा-उभा ५ थाऊपेक्षा (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जास्त झिजला असेल तर नुसत्या रिंगा बदलून काही साधत नाही. सहा महिन्यांत पुन्हा ऑइल प्यायला लागते. बोअर जास्तीत जास्त ४० थाऊपर्यंत वाढवावा, त्यापुढे स्लीव्ह, म्हणजे आत बसवायची नवी नळी. पिस्टन आधी हातात घ्यावेत आणि ते मोजून मगच बोअर करायला सांगावा, कारण बाजारात मिळणारे ओव्हरसाइझ पिस्टन एकाच डब्यातले असूनही एकसारखे नसतात. पिस्टन ढिला की घट्ट, हे ठरवायची जुनी रीत आजही उत्तम आहे: बाजूला ३ थाऊची फीलर पट्टी घालून ती स्प्रिंगच्या काट्याने ओढावी, ५ ते १० पौंडांत सुटली पाहिजे. रिंगेचा गॅप बोअरच्या दर इंचाला ४ थाऊ, म्हणजे इथे साधारण १२ थाऊ ठेवावा.

क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा) १०, २० किंवा ३० थाऊ ग्राइंड करता येतो. ग्राइंडिंगनंतर ऑइलची भोके दोऱ्याने आणि ब्रशने साफ केली नाहीत तर दगडाची पूड पहिल्या शंभर किलोमीटरमध्येच नवी बेअरिंगे खाते. ही चूक इतकी सर्रास होते की मशीन शॉपमधून क्रँक ‘धुऊन’ आला असला तरी स्वतः पुन्हा धुवावा. क्रँकचा पुढे-मागे हलण्याचा खेळ ४ ते ६ थाऊ लागतो आणि तो पुढच्या बाजूच्या बारीक शिमनी जुळवायचा असतो. जुने शिम पुसून तसेच बसवले तर क्लच दाबल्यावर क्रँक पुढे सरकतो आणि थ्रस्ट वॉशर घासतो.

जोडणीत दोन-तीन ठिकाणी हमखास घसरायला होते. ऑइल पंप ब्लॉकच्या बाहेरून बसतो आणि डिस्ट्रिब्युटर त्याच पंपाच्या दांड्यावर फिरतो. पंप एक दात इकडेतिकडे बसला की टायमिंग कधीच लागत नाही, आणि मग लोक कार्बोरेटरला दोष देत बसतात. पहिला पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणून मगच पंप घालावा. फायरिंग ऑर्डर १-३-४-२. कॅमशाफ्टचा गिअर फायबरचा असेल आणि त्याच्या दातांना कडेने पांढरट चुरा दिसत असेल तर तो पुन्हा वापरू नये. तो सुटतो तेव्हा सूचना देत नाही. आणि हेडचा एक बोल्ट कार्बोरेटरच्या खाली, इनटेकच्या पोकळीत लपलेला असतो. तो विसरला तर हेड गॅस्केट दोन-तीन महिन्यांत त्याच जागी फुटते. बोल्ट आवळायचे ते असे: हेड ६० ते ७० फूट-पौंड, मेन बेअरिंग ६५ ते ७५, कनेक्टिंग रॉड ३५ ते ४५. सगळे मधून बाहेर, दोन-तीन टप्प्यांत आणि टॉर्क पान्यानेच. टॅपेटची फट इनटेकला १८ थाऊ, एक्झॉस्टला १६.

पेट्रोलचा प्रश्न खरा आहे. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल येते. इथेनॉल ओलावा ओढते, जुन्या रबराला फुगवते आणि टाकीतला चाळीस वर्षांचा गंज व राळ सुटी करून कार्बोरेटरपर्यंत आणते. त्यासाठी पंपाचा डायफ्रॅम, होज आणि कार्बोरेटरचे किट इथेनॉल सोसणारे घ्यावे, टाकी आतून साफ करावी, टाकीजवळ एक आणि पंपानंतर एक फिल्टर लावावा. इथेनॉलमध्ये उष्णता साधारण एक तृतीयांश कमी असते आणि त्यात ऑक्सिजनही असतो, त्यामुळे मिश्रण पातळ पडते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते. मेन जेट एखादा नंबर मोठा करून प्लगचा रंग पाहावा. महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी अर्धी ठेवू नये. एवढ्यासाठी इंजिन टाकून द्यायची गरज नाही.

आता इंजिन बदलण्याविषयी. ब्लॉकला तडा गेला असेल, किंवा गाडी रोज शेतावर, घाटात, माल ओढायला लागत असेल, तर डिझेल बसवण्यात गैर नाही. प्यूजोचे २,११२ सीसी एक्सडीपी इंजिन महिंद्राने स्वतःच जीपमध्ये दिले होते. पुढे २,५२३ सीसीचे डीआय आले. मॅटाडोर आणि ट्रॅक्सचे २.४ लिटरचे इंजिन बसवलेल्या जीपही वडापला वर्षानुवर्षे धावल्या. पण मूळ अॅक्सल ५.३८ गुणोत्तराचे आहे, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला प्रॉपेलर शाफ्टचे ५.३८ फेरे होतात. ६.००-१६ टायरचा घेर सुमारे सव्वादोन मीटर धरला तर टॉप गिअरमध्ये ६० किलोमीटर वेगाला इंजिन साधारण २,४०० फेरे घेते आणि ८० ला ३,२००. डीआयसारखे सावकाश फिरणारे डिझेल तिथे संपते. त्यात मूळची टी-९० ही तीन गिअरची पेटी डिझेलचा झटका फार दिवस सोसत नाही. म्हणून इंजिनाबरोबर महिंद्राची चार गिअरची केएमटी-९० पेटी घ्यावी आणि वेग हवा असेल तर अॅक्सलचे क्राउन-पिनियनही (हे गुणोत्तर ठरवणारे गिअर) बदलावे. हा खर्च आधीच हिशेबात धरावा.

सगळ्यात जास्त नुकसान होते ते बेलहाउसिंगमध्ये, म्हणजे इंजिन आणि गिअरपेटी जोडणाऱ्या कवचात. वेगळ्या कंपनीचे इंजिन आणि जीपची पेटी यांच्यामध्ये लेथवर बनवलेली अॅडॅप्टर प्लेट येते. तिचे छिद्र क्रँकच्या केंद्राशी जुळले नाही तर इनपुट शाफ्ट दर फेऱ्याला वाकतो, पायलट बुश खातो, पेटीचे पुढचे बेअरिंग जाते, आणि मालकाला वाटते पेटीच खराब होती. फ्लायव्हीलवर डायल गेज लावून क्रँक हाताने फिरवावा. बेलहाउसिंगच्या भोकात काट्याचा पूर्ण फिरणारा फरक ५ थाऊच्या आत असला पाहिजे. जास्त असेल तर प्लेट सरकवून, पुन्हा मोजून, मगच डॉवेल पिन ठोकाव्यात. नुसत्या बोल्टवर सोडलेली प्लेट चढावर सरकते. डायल गेज नसलेल्या ठिकाणी हे काम देऊ नये.

माउंटिंग वेल्ड करण्याआधी गाडी चाकांवर उभी करावी. पुढचे डिफरन्शिअल आणि त्याचा प्रॉपेलर शाफ्ट उजवीकडे असतो आणि आपल्याकडे स्टीअरिंग बॉक्सही उजवीकडे. संप (इंजिनाखालचे ऑइलचे भांडे), स्टार्टर आणि फिल्टर तिथे अडतात. बंप रबर काढून, जॅकने अॅक्सल वर दाबून पाहावे; तेव्हाही संप आणि डिफरन्शिअलमध्ये बोटाएवढी जागा राहिली पाहिजे, नाहीतर पहिल्याच ओढ्यात संप फुटतो. ट्रान्स्फर केस आणि पिनियन यांचे कोन समांतर ठेवावेत. रॅडिएटर मोठा आणि पंख्याभोवती श्राउड असलेला घ्यावा. डिझेलला टाकीकडे परतीची नळी आणि पाणी वेगळे करणारा फिल्टर लागतो, जाड बॅटरी केबल लागते. आणि ब्रेक! मूळचे ९ इंची ड्रम त्या वजनाला आणि वेगाला अपुरे आहेत. ११ इंची ड्रम आणि बूस्टर घ्यावा, पण डिझेलच्या इनटेकमध्ये व्हॅक्यूम नसतो, त्यामुळे अल्टरनेटरवरचा व्हॅक्यूम पंप हवाच. ब्रेक नंतर बघू, असे म्हणणाऱ्याने इंजिनाला हातच लावू नये.

कागदपत्रांचे काम इंजिन उतरवण्याआधीचे आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीत लिहिलेला तपशील आपल्या मर्जीने बदलता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच पुन्हा बजावले. आरटीओची परवानगी नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करते. शिवाय २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांवरील खासगी गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी व्हिंटेज नोंदणी मिळते; पहिल्यांदा शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे. अट अशी की गाडी मूळ रूपात असावी; चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नसावा. म्हणजे डिझेल बसवलेली १९६० ची जीप व्हिंटेज ठरायला अडचण येते, आणि इंजिन भंगारात गेले असेल तर मागे फिरण्याची वाटही बंद होते.

त्यामुळे इंजिन बदललेच तरी जुने विकू नये. प्लगच्या भोकांतून प्रत्येक सिलिंडरात दोन-दोन चमचे ऑइल घालावे, पाणी पूर्ण काढून कोअर प्लगपर्यंत कोरडे करावे, कार्बोरेटरचे आणि एक्झॉस्टचे तोंड पत्र्याने बंद करावे, इंजिन नंबराच्या जागेवर ग्रीस लावावे आणि लाकडी चौकटीवर जमिनीपासून वर ठेवावे. दर पावसाळ्याआधी क्रँक हाताने दोन फेरे फिरवावा.

आपले,
जुन्या जीपगाड्यांचे काम करणारे काही मेकॅनिक आणि गाडीमालक,
कोल्हापूर