ठमीच्या रात्रीच्या हाका

प्रिय सुमे,

पहाटे सव्वातीनला तू पाठवलेलं तुझ्या म्हाताऱ्या ठमीमांजरीच्या ओरडण्याचं रेकॉर्डिंग ऐकलं आणि अंगावर काटाच आला. आमची मांजर भुरी चौदाव्या वर्षी अगदी असंच ओरडायची. पोटातून येणारा, लांबत लांबत वर चढणारा आवाज, जणू घरात कुणी हरवलंय. तिचं भुकेचं म्याँव वेगळं, दार उघड म्हणतानाचं वेगळं. हा सूर मी आधी कधी ऐकला नव्हता.

तू लिहिलंयस, "वय झालंय तिचं, आता असंच चालायचं." हेच वाक्य मी चार महिने घोकत बसले होते. भुरी तेव्हा दुप्पट खायची, तरी पाठीवरून हात फिरवला की मणके बोटांना लागायचे. आणि मी शहाणी सगळ्यांना सांगत फिरायचे, म्हातारपणी भूक बघा कशी आहे! निघाला थायरॉईड. मानेतली ती एवढीशी ग्रंथी जास्तीचं काम करायला लागली की मांजराला आतून स्वस्थता म्हणून मिळत नाही: छाती धडधडते, तहान वाढते, झोप उडते आणि रात्रीचं ओरडणं सुरू होतं. दहा वर्षांच्या पुढच्या मांजरांत हे नेहमीचंच दुखणं. टी४ नावाची रक्ततपासणी केली की बहुतेक वेळा कळतं, आणि त्यावर गोळ्याही आहेत.

डॉक्टरांनी तिच्या पुढच्या पायाला छोटासा पट्टा बांधून रक्तदाबही मोजला. मांजराचा रक्तदाब मोजतात हेच मला ठाऊक नव्हतं! वरचा आकडा १६० च्या पुढे राहायला लागला की काळजी करायची. भुरीचा १९० होता. थायरॉईड किंवा मूत्रपिंडाच्या आजाराबरोबर तो चढतो, आणि तसाच राहिला तर डोळ्याचा पडदा सुटून मांजर एकाएकी आंधळं होऊ शकतं. तेव्हा ठमीच्या डोळ्यांतल्या बाहुल्या भर उजेडातही मोठ्याच दिसतात का, ती भिंतीला धडकते का, एवढं आजच बघ. तसं असेल तर हे पत्र तिथेच ठेव आणि तिला घेऊन नीघ.

ती पाणी किती पिते, कपाटावर उडी मारायची सोडली का, शी-शूच्या ट्रेमध्ये चढताना अडखळते का, हेही बघून ठेव. सांधे दुखणारं मांजर लंगडेलच असं नाही, ते नुसतं उड्या मारणं बंद करतं. पण आपल्या डब्यातली वेदनेची गोळी तिला अजिबात देऊ नकोस. पॅरासिटामॉलने मांजराचा जीव जातो, अगदी तुकड्यानेही.

गोळ्या सुरू झाल्यावर भुरीचं ओरडणं महिन्याभरात निम्म्यावर आलं. उरलेल्या निम्म्याने मात्र मला बरंच शिकवलं. एक तर ती बहिरी झाली होती. पाठीमागे किल्ल्या वाजवल्या तरी कान हलला नाही, तेव्हा कळलं. स्वतःचाच आवाज ऐकू येत नसल्याने ती अशी गळा काढायची. शिवाय अधूनमधून कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभी राहायची, आपण इथे कशाला आलो ते विसरल्यासारखी. पंधरा वर्षांच्या पुढच्या मांजरांत असा गोंधळ पुष्कळदा दिसतो, असं डॉक्टर म्हणाले. त्याच सुमारास मी हौसेने बैठकीची खोली नव्याने लावली होती. दोन दिवसांत सगळं जिथल्या तिथे ठेवलं.

मग ट्रेजवळ रात्रभर मंद दिवा ठेवला. ट्रेही बुटक्या काठाचा आणला. संध्याकाळी दोरीशी थोडं खेळवायचं, शेवटचं खाणं आपण झोपायच्या अगदी आधी द्यायचं. माझी जुनी साडी तिच्या अंथरुणात घातली, आणि पलंगाशी एक खोका लावला म्हणजे तिला चढता येईल.

ओरडली की लक्षच द्यायचं नाही, असं तुला बरेच जण सांगतील. तरण्या, हट्टी मांजराला ते ठीक. भांबावलेल्या म्हातारीला अंधारात एकटं सोडणं मला काही जमलं नाही. मी उठायचे, मोठा दिवा न लावता तिला दिसेल अशी समोरून जायचे, कुशीवर हात ठेवून पाच मिनिटं बसायचे. खाऊ मात्र द्यायचा नाही हं, नाहीतर तीनची वेळ पक्की होते. आणि रागवू नकोस. मी एकदा ओरडले तर ती पलंगाखाली जाऊन आणखी मोठ्याने रडायला लागली.

तिचं ओरडणं पूर्ण थांबलं नाही. आठवड्यातून एखाद-दुसरी रात्र उरली, आणि तेवढी मी आनंदाने जागले.

ते रेकॉर्डिंग पुसू नकोस, डॉक्टरांना ऐकव. दवाखान्यात ठमी मुकी होऊन बसेल आणि तुझ्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. काय म्हणाले ते कळव. मी रात्री उशिराच फोन करीन, जागी असशीलच.

तुझी,
विजू