जिद्दीचं कौतुक पुरे, गाळाचं लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुलै आला की 'चिपळूणकरांची जिद्द', 'पुरातून पुन्हा उभारी' असे मथळे वाचायला मिळतात. वाचून बरं वाटतं. पण ती उभारी कशी आली, किती दिवसांनी आली, हे त्यात येत नाही, म्हणून हे पत्र.

माझं बाजारपेठेत शिलाईचं दुकान आहे. 22 जुलै 2021 च्या पहाटे पाणी चढायला लागलं तेव्हा आम्ही दोघांनी तिन्ही मशिनींची हेडं सोडवून वरच्या फळीवर ठेवली. 26 जुलै 2005 च्या पुराची खूण फळीच्या खाली होती, त्यामुळे तेवढं पुरेल असं वाटलं. पाणी फळीच्याही वर गेलं.

ओसरल्यावर शटर उघडलं तर आत गुडघाभर गाळ. शटलमध्ये गाळ, बॉबिनकेसमध्ये गाळ, मोटरच्या आतसुद्धा. एकेक स्क्रू काढून डिझेलने धुतला. दोन मशिनी चालल्या, तिसरी भंगारात गेली. पण खरा जीव तुटला तो गिऱ्हाइकांच्या कापडासाठी. चाळीसेक ब्लाऊजपीस शिवायला आलेले, त्यात एका मुलीच्या लग्नातल्या पैठणीचं. सगळे चिखलात. भरपाई मागायला एकही बाई आली नाही. उलट ज्यांचं कापड गेलं त्यांच्यातल्याच एका ताईंनी आठ दिवस दोन्ही वेळचा डबा पाठवला. त्या आठवड्यात मी काही धीराची नव्हते. त्या डब्यावर उभी होते.

पुढे बांगड्या गहाण ठेवून मशीन घेतली. त्या सुटल्या 2024 च्या दिवाळीत. दुकान मात्र दीड महिन्यात उघडलं होतं, म्हणून लोकांच्या लेखी आम्ही तेव्हाच सावरलो. 1864 सालच्या आमच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातही 2005 आणि 2021, दोन्ही वेळा पाणी शिरलं. ते पुन्हा सुरू झालं याचा अभिमान आहेच, पण भिजून गेलेली पुस्तकं गेली ती गेलीच.

आणि भीती? ती अजून तशीच आहे. रात्री पाऊस कोसळायला लागला की मी उठून बसते. भरतीची वेळ बघते, कोळकेवाडी धरणातून पाणी सोडलंय का ते फोनवर शोधते, यजमानांना उठवते आणि आम्ही दुकानाकडे निघतो. असं करणारी बाजारपेठेत मी एकटी नाही. वाटेत दोन-चार शटरं तरी अर्धी वर असतात.

म्हणून विनंती एवढीच. कौतुकाची बातमी जुलैत छापता, तशी मार्च-एप्रिलमध्ये आमच्या वाशिष्ठी आणि शिव या नद्यांतल्या गाळाची छापा. किती गाळ काढला, किती राहिला, काढलेला गाळ काठावरच पडून आहे का, हे आकड्यांसकट विचारा. आम्ही विचारलं तर उत्तर मिळत नाही, तुम्ही विचारलंत तर मिळेल.

आपली,
एक शिलाईवाली, चिपळूण