चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला धावून आलेल्या काकूंना आभाराचे पत्र

तीर्थस्वरूप काकूंस,
कृतानेक शिरसाष्टांग नमस्कार.

यंदा आमच्या घरचे चैत्रगौरीचे हळदीकुंकू तुमच्यामुळे पार पडले. समोर आभार मानू लागले की तुम्ही लगेच दुसरा विषय काढता, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते सगळ्यांनी वाचावे असे उघडपणे लिहिण्यालाही कारण आहे. इंदूरमध्ये माझ्यासारख्या कितीतरी जणी आहेत, ज्यांच्या घरी सासूबाईंनी वर्षानुवर्षे सांभाळलेला हा दिवस आता एकाएकी त्यांच्या अंगावर आला आहे, आणि नोकरी, लहान घर आणि एप्रिलचे ऊन यांच्या धास्तीने तो बंदच करून टाकावा असे त्यांच्या मनात येत असते. सासूबाई गेल्यानंतर माझ्याही मनात ते आले होते. तुम्ही रामबागेतून रिक्षा करून आलात, स्वयंपाकघरात पाट ओढून बसलात आणि मला धीर दिलात, तो धीर त्यांच्यापर्यंतही पोचावा अशी माझी इच्छा आहे. तुमचे नाव मात्र येथे लिहीत नाही. ते तुम्हाला रुचणार नाही हे मला ठाऊक आहे.

पहिली मदत तुम्ही केलीत ती माझी यादी कापण्याची. आपल्या या गावात पाहुणा घरात आला की सेव, कचोरी आणि गोडाचा एखादा डबा पुढे आल्याशिवाय यजमानाला चैन पडत नाही, आणि माझ्या यादीतही ते सगळे होते, शिवाय श्रीखंड आणि बटाटेवडेही होते. तुम्ही यादी वाचलीत आणि एवढेच विचारलेत, की संध्याकाळी साडेपाचला उन्हातून जिना चढून आलेल्या बाईला यांतले नेमके काय खावेसे वाटेल? त्यानंतर यादीत कैरीची डाळ, पन्हे, भिजवलेले हरभरे आणि कलिंगडाची फोड एवढेच उरले. तळणाचा घाणा नको म्हटल्यावर स्वयंपाकघर तापले नाही, आणि स्वयंपाकघर तापले नाही म्हणून मीही शेवटपर्यंत बायकांमध्ये बसू शकले. माझ्या मते तुमच्या सगळ्या सल्ल्यांत हा सर्वांत मोलाचा होता.

हे पदार्थ चैत्रातच का, याचा विचार मी तोवर कधी केला नव्हता. हरभरा हे रब्बीचे पीक, आणि माळव्याच्या काळ्या जमिनीतला नवा हरभरा याच सुमारास मंडीत येतो. कैरी झाडावर धरलेली असते, पण अजून पाडाला आलेली नसते. मोगरा फुलू लागलेला असतो. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यावर बसते आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत महिनाभर माहेरपण भोगते, त्या महिन्यात आसपासच्या शेतांतून आणि बागांतून जे येते तेच तिच्यापुढे ठेवले जाते. आमच्या शेजारच्या निमाडी आणि राजस्थानी घरांतली गणगौर त्याच तृतीयेला निरोप घेते आणि आपली गौर त्याच दिवशी येते, हेही तुम्हीच मला दाखवून दिलेत. त्यामुळे शेजारणींना बोलावताना काही समजावून सांगावे लागले नाही. गौर म्हटल्यावर त्या आपणहून फुले घेऊन आल्या.

आता डाळीबद्दल जरा विस्ताराने लिहिते, कारण ज्यांना हे हळदीकुंकू करायचे आहे त्यांना त्याचा उपयोग होईल. तुम्ही डाळ सियागंजातून आणायला सांगितलीत आणि नवी आहे ना, हे विचारून घ्यायला सांगितलेत. नव्या डाळीला भिजायला चार तास पुरतात, जुनीला सहा तास लागतात, आणि एप्रिलच्या उकाड्यात त्याहून जास्त वेळ पाण्यात राहिली तर ती आंबूस होऊ लागते. अर्धा किलो डाळ भिजून जवळजवळ दुप्पट होते आणि नैवेद्याच्या वाटीच्या बेताने पंचवीस जणींना सहज पुरते. भिजलेली डाळ तुम्ही चाळणीत उपसून ठेवलीत, मग जुन्या पंचावर पसरून वरून दुसऱ्या पंचाने टिपलीत, आणि मिक्सरमध्ये थोडी थोडी घालून थांबत थांबत फिरवलीत. पाण्याचा थेंबही घालू दिला नाहीत. चिमटीत धरली तर रव्यासारखी मोकळी लागावी आणि मधूनच एखादा अर्धा दाणा दाताखाली यावा, अशी ती झाली होती. डाळीचा लगदा होतो तो राहिलेल्या पाण्यामुळे, वाटणाऱ्याच्या हातामुळे नव्हे, असे तुम्ही म्हणालात ते मी लिहून ठेवले आहे.

पुढची युक्ती मी अन्यत्र कुठे पाहिली नव्हती. वाटलेली डाळ, किसलेली कैरी आणि खवलेले ओले खोबरे हे तिन्ही तुम्ही वेगवेगळ्या डब्यांत फ्रिजमध्ये ठेवलेत. मोहरी, हिंग, हळद आणि मिरचीची फोडणी करून ती पूर्ण गार होऊ दिलीत. पहिल्या बायका येण्याच्या थोडे आधी निम्मी डाळ कालवलीत आणि मीठ अगदी शेवटी घातलेत, कारण मीठ लागले की कैरीला पाणी सुटते. उरलेली निम्मी सात वाजता कालवलीत. त्यामुळे आठ वाजता बँकेतून थेट आलेल्या माझ्या मैत्रिणीलाही तीच ताजी, मोकळी डाळ मिळाली. ओले खोबरे उन्हाळ्यात सर्वांत आधी उतरते, तेव्हा संपूर्ण डाळ दुपारीच कालवून ठेवणे किती धोक्याचे असते हे मला त्या दिवशी कळले. कच्ची डाळ ज्यांना पचत नाही अशा तिघी-चौघी वयस्क बायकांसाठी तुम्ही थोडी डाळ वाफवून बाजूला ठेवली होतीत, आणि ती कोणासाठी आहे याचा कोठेही बोभाटा न करता त्यांच्याच हाती दिलीत.

पन्ह्याचेही असेच. कैऱ्या कुकरच्या डब्यात पाणी न घालता शिजवल्या, की गर दाट राहतो आणि फ्रिजमध्ये टिकतो. एका वाटी गराला दीड ते दोन वाट्या गूळ, कैरी किती आंबट आहे ते चाखून. चिमूटभर मीठ, वेलची आणि केशराच्या दोन-चार काड्या. हे दाट पन्हे आदल्या दिवशीच तयार होते आणि वाढताना त्यात माठाचे पाणी घातले की झाले. बर्फ तुम्ही घालू दिला नाहीत, कारण बर्फ विरघळत जातो तसतसे शेवटचे पेले फिके होतात. मला पन्हे आमच्या जुन्या पितळी घंगाळात ठेवायचे होते, कारण सासूबाईंचे ते घंगाळ त्या दिवशी समोर असावे असे मनातून वाटत होते. त्याला कल्हई नव्हती, आणि आंबट पदार्थ बिनकल्हईच्या पितळेत ठेवला की कळकतो, म्हणून तुम्ही त्यात बरोबर बसेल असे स्टीलचे पातेले शोधून आणलेत, दोन्हींच्या मधल्या जागेत ओला पंचा गुंडाळून बसवलात आणि वर मोगऱ्याची माळ सोडलीत. पन्हे गार राहिले आणि घंगाळही मानाने मिरवले.

दुसरा तांब्या होता तो साखर-गूळ न घातलेल्या पन्ह्याचा: कैरी गॅसवर भाजून, तिच्या गरात भाजलेल्या जिऱ्याची पूड, काळे मीठ आणि चुरडलेला पुदिना. माळव्यात लू, म्हणजे उन्हाळ्यातल्या तप्त वाऱ्याची झळ, लागू नये म्हणून घरोघरी पितात तेच हे. मधुमेह असलेल्या बायकांना हळदीकुंकवाला गेल्यावर नुसत्या पाण्यावर परतावे लागते, याची खंत तुम्ही बोलून दाखवलीत, तेव्हा मला माझी आई आठवली. यापुढे आमच्या घरी हा दुसरा तांब्या कायम असेल.

घर गार ठेवण्यासाठी तुम्ही सांगितलेले उपाय साधे होते, पण ते वेळच्या वेळी करण्यात सारे आहे. सकाळी नऊ-दहाला पश्चिमेच्या खिडक्या आणि पडदे बंद, ऊन उतरल्यावर सगळ्या उघड्या. माठ कोपऱ्यातून काढून वारा येतो त्या दाराजवळ तिवईवर ठेवला, कारण माठ गार होतो तो पाझरलेल्या पाण्याची वाफ होण्याने, आणि आपल्याकडच्या कोरड्या एप्रिलमध्ये ती झपाट्याने होते. आतून तो साबणाने कधीही घासू नये, कारण माती साबण शोषून घेते. गच्चीवर पाणी मारायला मात्र तुम्ही साफ नकार दिलात. जलूदहून सुमारे 70 किलोमीटर पंपांनी चढवून आणलेले नर्मदेचे पाणी उन्हात ओतायचे नसते, असे तुम्ही म्हणालात. 1978 साली नर्मदा इंदुरात येण्यापूर्वीचे उन्हाळे तुम्ही पाहिलेले आहेत, त्यामुळे त्यावर बोलण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते. बायकांच्या चपला उन्हातून उचलून जिन्याच्या सावलीत ठेवायला तुम्ही माझ्या मुलाला बसवलेत, आणि परत जाताना पायाला चटका बसला नाही हे दोघींनी मला मुद्दाम फोन करून सांगितले.

चैत्रांगणाची मला सर्वांत जास्त काळजी होती. फ्लॅटच्या दारापुढे काढलेली रांगोळी सफाईत पुसली जाते, आणि शंख, चक्र, गदा, पद्म, कासव, तुळस, सूर्य, चंद्र, झोपाळ्यातली गौर अशा सगळ्या आकृत्या रोज नव्याने काढण्याइतका वेळ कोणाजवळ असतो? तुम्ही एका प्लायवुडच्या फळीला गेरू लावून दिलात आणि त्यावर ओल्या खडूने आकृत्या काढायला शिकवलेत. वाळल्यावर त्या पांढऱ्याशुभ्र उमटल्या आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत टिकल्या. गोपद्मे काढताना माझ्या मुलीच्या हातावर हात ठेवून तुम्ही ज्या संथपणे बोटे फिरवलीत, ते मी दारातून पाहत होते. ती फळी आता तिची आहे.

ओटीच्या हरभऱ्यांसाठी तुम्ही जुन्या मलमलच्या धोतराच्या लहान पिशव्या शिवून आणल्या होत्यात. प्लास्टिकमध्ये भिजलेले हरभरे घरी पोचेपर्यंत चिकट होतात आणि कागदाची पुडी ओली होऊन फाटते, त्यामुळे हा उपाय मला फार आवडला. हरभरे रात्री भिजवून, सकाळी पाणी बदलून, दुपारी उपसून कोरडे केले होते, ते दुसऱ्या दिवशीही चांगले होते असे अनेकींनी कळवले. वाट्या-पेले तुमच्याकडून, शेजारून आणि आमच्या माळ्यावरून आले, आणि त्यांवर नावे कोरलेली असल्यामुळे परत करताना घोळ झाला नाही. 2017 साली स्वच्छ सर्वेक्षणात पहिल्या आलेल्या आणि पुढेही अनेक वर्षे तो मान राखलेल्या आपल्या शहरात एका संध्याकाळसाठी थर्माकोलच्या वाट्यांचा ढीग करणे मलाही बरे वाटले नसते. कलिंगडाच्या साली आणि फुले ओल्या कचऱ्यात गेली, सुक्या कचऱ्याच्या डब्यात जवळजवळ काहीच पडले नाही.

एक गोष्ट राहिली, आणि ती लिहिताना मन भरून येते. भांडी घासायला येणाऱ्या मावशी मागच्या दाराशी उभ्या होत्या; नवरा गेल्यापासून त्या अशा दिवशी पुढे येत नाहीत. तुम्ही त्यांना हाताला धरून आत आणलेत, खुर्चीवर बसवलेत, अत्तर लावलेत, गजरा आणि ओटी दिलीत आणि पन्ह्याचा पेला स्वतः त्यांच्या हातात ठेवलात. तुमच्या वयाच्या आणि मानाच्या बाईने ते केल्यामुळे खोलीतल्या कोणालाही त्यात वेगळे काही वाटले नाही. मला एकटीला ते इतक्या सहज करता आले असते की नाही, हे मी सांगू शकत नाही. आमच्या घरी हळदीकुंकू यापुढे असेच होईल.

तुमची दोन पातेली आणि बारा पेले येत्या रविवारी घेऊन येते, सोबत उरलेल्या कैऱ्यांचा साखरांबाही आणते. पाक एकतारी झाला आहे की पुढे गेला आहे, ते चाखून सांगावे. आणि एक विनंती आहे. पुढच्या चैत्रात तुम्ही सकाळपासून कामाला न येता संध्याकाळी पाहुण्या म्हणून यावे. डाळ मी वाटीन, दोन्ही तांब्ये मी भरीन, मोगऱ्याचे गजरे माझी मुलगी करील. दारातली माठाशेजारची वाऱ्याची खुर्ची तुमची.

काकांना नमस्कार सांगावा. कळावे, लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

तुमची,
तिलकनगरची सूनबाई